आडव्या गल्ल्यांचा नकाशा आणि मी

मी एक जुना ग्राफिक्स टॅबलेट आहे. नाव भारदस्त असलं तरी घरात मला पाटीच म्हणतात. माझ्यावर पेन फिरवलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघ उमटते. मला स्वतःला पडदा नाही. म्हणजे मित्रांनो, माझ्या अंगावरून हजारो रेघा गेल्या, पण मी आजवर एकही चित्र पाहिलेलं नाही. पेन कुठे टेकलं, किती दाबलं, एवढंच मला कळतं. बाकी सगळं कानावर पडेल तेवढंच.

दुकानात मी आणि एक पडदावाला, असे दोघे शेजारी मांडले होते. ताईचा धाकटा भाऊ त्या दुसऱ्यासाठी हटून बसला होता.

"ताई, हा घे. यावर थेट चित्र दिसतं. ती काळी पाटी घेऊन काय बाराखडी गिरवणारेस?"

ताई नकाशे काढायची. तिने पिशवीतून एक जुना कागदी नकाशा काढला, माझ्यावर अंथरला आणि वरून पेन फिरवलं.

"बघ, कागदातूनही याला कळतं. पडद्यावर कागद ठेवला तर पडदाच झाकला जाईल. मला जुने नकाशे गिरवायचेत, तुझ्यासारखी कार्टून नाही काढायची."

"कार्टूनना नावं ठेवू नकोस. तुझ्या नकाशांपेक्षा जास्त लोक बघतात."

दुकानदार हसला, आणि मी तिच्या पिशवीत गेलो.

पुढची वर्षं चांगली गेली. जुने विरलेले कागद माझ्यावर यायचे आणि नवे होऊन बाहेर पडायचे. "हात बसलाय आता याच्यावर," असं ताई म्हणायची. मला तेवढं कौतुक पुरायचं.

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. भावाने हौसेने ताईच्या कॉम्प्युटरला नवा, लांबच्या लांब पडदा आणून दिला. आणि अग्निशमन केंद्राचे साहेब एक जुना कागद घेऊन आले. शहराच्या जुन्या भागात बंबाला पाणी घ्यायचे नळ जमिनीखाली होते, वर नुसती लोखंडी झाकणं. त्यातली बरीच मातीखाली गेलेली. कोणतं झाकण कुठे, ते त्या एका कागदावर होतं.

"आग लागल्यावर झाकण हुडकत बसलो तर झालंच मग," साहेब म्हणाले. "नकाशा चोख हवा, मॅडम."

ताईने जीव ओतून काम केलं. मोठ्या उभ्या रस्त्याची लांबी मोजून माप बसवलं. नकाशा गेला, आणि चाचणीनंतर साहेब परत आले.

"उभ्या रस्त्यावरची झाकणं पटापट सापडली हो. पण आडव्या गल्ल्यांत आमची पोरं भलतीकडेच खणत बसली. एका आजीने विचारलं, सोनं पुरलंय का रे इथे?"

ताई हसली नाही.

भाऊ म्हणाला, "पाटी जुनी झालीय ताई. वाकडं उमटवत असणार. बदलून टाक."

मित्रांनो, त्या दिवशी माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. मी काही पाहू शकत नाही. खरंच मी चुकलो असेन तर? नवी पाटी आली. मला जुन्या वायरींबरोबर खोक्यात घालून कपाटावर टाकलं. ताईने सगळा नकाशा पुन्हा गिरवला. या वेळी साहेबांना घाई होती. चाचणी न करताच नकाशा प्रत्येक बंबात लागला.

काही आठवड्यांनी ताई दुसरंच काम करत होती, पाण्याच्या एका गोल टाकीचं. पेन अचानक थांबलं.

"अरे, इकडे ये. हे काय दिसतंय तुला?"

"अंडं," भाऊ म्हणाला. "कोंबडी कुठाय?"

"मी गोल काढलाय."

तिने चिकटपट्टीचं रीळ पाटीवर ठेवून कडेने पेन फिरवलं. पुन्हा अंडं. पाटीपेक्षा पडदा कितीतरी रुंद होता, आणि पाटीची रुंदी त्या सगळ्या पडद्यावर ताणली जात होती. उभं सगळं बरोबर, आडवं सगळं लांबलेलं. कॉम्प्युटरमध्ये पाटीचं आणि पडद्याचं प्रमाण सारखं ठेवण्याची एक खूण करायची राहिली होती, एवढंच.

"म्हणजे मी दिलेल्या पडद्यामुळे..." भाऊ पुटपुटला.

"पडदा बदलल्यावर मी एकदा तपासायला हवं होतं," म्हणत तिने फोन उचलला. "साहेब, बंबातले नकाशे काढा. आत्ता. आडव्या गल्ल्या अजून चुकीच्याच आहेत. हो, माझीच चूक. नवा नकाशा होईपर्यंत जुना कागदच वापरा."

साहेब एवढंच म्हणाले, "बरं झालं सांगितलंत."

नवा नकाशा नव्या पाटीवरच झाला आणि या वेळी प्रत्येक झाकण सापडलं. मी अजून कपाटावरच आहे. माझी माफी कोणी मागितली नाही. पाटीची कोण मागतं?

पण मित्रांनो, माझं सोडा. काही बिघडलं की जुन्यावर खापर फोडून मोकळे होऊ नका. आधी एक गोल काढून बघा. मधल्या त्या आठवड्यांत आडव्या गल्ल्यांत कुठे आग लागली नाही, म्हणून ही गोष्ट एका पाटीची आहे. लागली असती, तर ती त्या गल्लीतल्या कोणाची तरी झाली असती.