डेऱ्यातलं गाव

मित्रांनो, मी ताकाचा डेरा आहे, पण मला रवी लागत नाही. आमच्या आर्मेनियात मला उशीवर आडवं ठेवतात आणि दोन्ही कान धरून पुढेमागे झुलवतात. झुलवताना गाणं म्हणतात. त्याशिवाय हाताला लय सापडत नाही.

मला येघनार नावाच्या बाईने घडवलं. १९१५ साली ऑटोमन फौजेने सासूनच्या डोंगरातलं तिचं गाव जाळलं, माणसं मारली. धाकटी लेक शोगेर हिचा हात धरून ती अरागात्स डोंगरापाशी पोहोचली. इथलीच माती मळून तिने मला केलं आणि घुसळायच्या जुन्या गाण्यात गेलेली घरं ओवली. एका हेलकाव्याला घर, दुसऱ्याला घरातली माणसं. ती नावं दुसरीकडे कुठेच उरली नव्हती. येघनारमागे शोगेरने ते गाणं चालवलं. माझ्या लोण्याची आळीभर तारीफ व्हायची!

मग लोणी काढायचं यंत्र आलं. माझ्यात कांदे पडले.

एका एप्रिलमध्ये शोगेरची नात मानिशाक ते गाणं टेप करायला येरेवानहून टेपरेकॉर्डर घेऊन आली. घरात धांदल उडाली! शोगेरने डोक्याला नवा रुमाल बांधला आणि ती खुर्चीत ताठ बसली. पहिलं घर आलं, दुसरं आलं. तिसऱ्यापाशी आवाज थांबला.

"पुढे कोण गं?" तिने पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. पुन्हा तिथेच अडलं. "मानिशाक, मीच विसरले तर त्यांना हाक कोण मारणार?"

"आजी, पाणी पी. घाई नाही."

शोगेरचा मुलगा गेघाम दारातून बघत होता. "अगं पोरी, आईला खुर्चीत बसवून गाणं मागतेस? तिचे हात बघ, मांडीवर कसे चाललेत!"

"मग डेरा आण ना, काका!"

"आणतो. कांदे ठेवू कुठे? तुझ्या त्या पेटीत?"

"मेल्या, आधी धू त्याला!" शोगेर ओरडली. "कांद्याच्या वासाचं लोणी तू एकटा खाशील!"

मला खसाखसा धुतलं. दही ओतलं, पाणी ओतलं. शोगेर खाली बसली, तिने माझे कान धरले. अहाहा, किती वर्षांनी पोटात दही डचमळलं! आणि तिसरं घर आलं: मारकार, त्याची बायको खुमार, जुळी पोरं. चौथं आलं. वरची आळी संपली, ओढ्यापलीकडची सुरू झाली!

"आजी, थांब, टेप संपली!"

"घुसळण मध्येच सोडतात का? धर हा कान, म्हण माझ्यामागून!"

मानिशाक बसली. तिची लय चुकली, हातावर चापट बसली. मग दोघींचा सूर जुळला. माझ्यात लोण्याचा गोळा थपथप आपटू लागला.

"आलं लोणी, पुरे!" गेघाम म्हणाला.

लोणी आल्यावर कुणी घुसळत नाही. पण त्या थांबेनात. अजून घरं बाकी होती. शेवटचं येघनारचं. तिथे शोगेरला धाप लागली. ती नुसती नावं सांगू लागली आणि मानिशाक ती गाऊ लागली. गाणं संपल्यावर शोगेर म्हणाली, "आता पहिल्यापासून. तू म्हण, मी ऐकते."

म्हणून सांगतो, मित्रांनो, म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून आठवणी विचारू नका. त्यांचं काम त्यांच्या हाती द्या, शेजारी बसा आणि स्वतःही हात लावा.