मी, आप्पांच्या लॅपटॉपवरचं पहिलं पान

लॅपटॉप उघडून इंटरनेट लावलं की सगळ्यात आधी जे दिसतं, ते मी. अंथुर्णे गावच्या दत्तोबा आप्पांच्या घरातलं पहिलं पान बोलतोय. शिकलेली माणसं मला होमपेज म्हणतात. मला उठून कुठं जाता येत नाही. पण समोर कोण बसलंय, कशाला बसलंय, चेहरा का उतरलाय, एवढं बघितल्याशिवाय मला राहवत नाही. सवयच ती, काय करणार!

माझा जन्म एका रविवारी दुपारचा. आप्पांची लेक माधवी तेव्हा बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात नोकरीला होती. रोज स्कुटीवरून जायची-यायची. आप्पांना डाळिंबाचा भाव बघायचा झाला की दहा ठिकाणी चुकायचे, नको त्या जाहिराती उघडून बसायचे आणि मग हाक, "माधवे, हे बघ काय आलंय!" शेवटी ती वैतागली.

"आप्पा, रोज काय काय लागतं ते एकदा सांगा बघू."

"डाळिंबाचा भाव. पाऊस. आन पाण्याच्या मोटारीची लाईट दिवसा हाय का रात्री, ते."

आतनं माधवीची आई, सारजाबाई म्हणाल्या, "कीर्तन बी घाल. तेवढाच वेळ गप बसतील."

माधवीनं चार मोठाले चौकोन केले, त्यांवर चित्रं लावली. एक बोट ठेवलं की काम झालं! आणि सगळ्यात खाली एक पांढरा, रिकामा चौकोन ठेवला. म्हणाली, "काय सांगायचं असलं तर हितं लिहून ठेवा. आले की बघीन."

आप्पा एका बोटानं लिहायचे. 'फवारणीचं प्रमाण शोध.' 'चष्म्याच्या दुकानाचा नंबर.' संध्याकाळी माधवी वाचायची, काम करायची आणि खाली लिहायची, 'झालं.' सकाळी ते वाचून आप्पा असे खुश व्हायचे, की मलाच गंमत वाटायची.

मग माधवीला चेन्नईला मोठी नोकरी लागली. आप्पा हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. जायच्या दिवशी ती पिशव्या घेऊन उंबऱ्यात उभी, तर हे म्हणाले, "लाईट आलीय, पाणी द्यायचंय," आणि रानाकडं चालू लागले. सारजाबाईंनीच तिला गाडीत बसवून दिलं.

तिसऱ्या दिवशी आप्पा माझ्यापुढं आले. खालच्या चौकोनात लिहिलं, 'छत्री खुंटीलाच राहिली तुझी.' रविवारी तिचा फोन आला, "आई, माझी छत्री तिकडंच राहिली बघ." आप्पांनी बाजेवरून मान उचलून माझ्याकडं पाहिलं. त्यांची खात्रीच पटली. पान तिनं केलंय, म्हणजे तिला तिकडं सगळं दिसतं!

आता मी कसं सांगणार? तो चौकोन ह्या एकाच लॅपटॉपच्या पोटात साठतो. त्यातलं अक्षरसुद्धा चेन्नईला जात नाही.

आप्पा मात्र लिहीत राहिले. दुपारी जेवण झालं की माझ्यापुढं. 'मधल्या ओळीला फुलं लागली.' 'आईचा गुडघा बरा हाय. ती सांगती तेवढा दुखत न्हाय.' आणि एके दिवशी तासभर बसून, तीनदा खोडून लिहिलं, 'माधवी, त्या दिवशी लाईट नव्हती. मोटारीच्या खोलीत नुसता बसून होतो. तुला जाताना बघवलं नसतं. राग धरू नको.'

दुसऱ्या दिवशी हात न पुसताच आले. खाली 'झालं' आलंय का पाहिलं. नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. मग रविवारच्या फोनवर आप्पा नुसतं "बरं हाय" म्हणायचे आणि फोन सारजाबाईंच्या हातात द्यायचे.

"लेकीशी बोलायला जीभ झिजती का तुमची?"

"मला सांगायचं ते सांगितलंय मी. पुढचं तिनं बघावं."

ते ऐकून माझा जीव तुटायचा. सगळं माझ्यापाशी होतं, आणि मला एक शब्द पुढं ढकलता येत नव्हता.

असे सात महिने गेले. मग एका रविवारी सारजाबाईंनी फोनवर तक्रार केली, लॅपटॉप लई हळू चालतो, कीर्तन मधीच अडकतं. माधवी म्हणाली, "आप्पांकडं दे. सोपं हाय, जुनं साठलेलं काढून टाकू."

ती सांगत गेली, आप्पा दाबत गेले.

"आता 'सगळं पुसा' असं निळं बटण दिसतंय?"

"दिसतंय."

"दाबा."

बोट खाली आलं आणि अधांतरी थांबलं.

"ह्यानं तुला लिहिलेलं बी जाईल का?"

"मला? कुठं लिहिलंय?"

"कुठं म्हंजी? खालच्या चौकोनात! सात महिनं झालं. वाचलं न्हाईस व्हय?"

"आप्पा, ते मला हिकडं दिसत न्हाय ओ. ते तिथंच ऱ्हातं."

आप्पांनी बोट मागं घेतलं. मग हळूच विचारलं, "म्हंजी राग न्हाय तुला?"

"होता की. तुमी मला गाडीपर्यंत घालवायला आला न्हाईत म्हणून. वाचून दाखवा ना, काय लिहिलंय."

सवयीनं आप्पांनी फोन सारजाबाईंपुढं धरला. "तू वाच."

"माझं हात पिठाचं हायत. आन लिहिलंय तुमी, वाचा बी तुमीच."

आप्पांनी चष्मा लावला. पहिल्यापासून वाचलं. छत्री, फुलं, गुडघा. मग 'लाईट नव्हती'. शेवटपर्यंत वाचलं.

"माधवे, हायस ना?"

"हाय."

"मग दाबू का हे निळं?"

"नका आप्पा. ते लाईटीचं परत एकदा वाचा."

तेव्हापासून आप्पा रोज दुपारी तिला फोन लावतात. शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडून बोलतात. माझ्याकडं भाव आणि पाऊस बघण्यापुरते येतात. कुणी काही पुसलं नाही, त्यामुळं मी अजून तसाच हळू चालतो. चौकोनात मात्र नवं अक्षर नाही. खोटं कशाला बोलू, दुपार झाली की मला करमत नाही. तुमच्या घरात कुणी असं एका बोटानं काही लिहीत बसलं असलं, तर येता-जाता विचारा, कुणासाठी लिहिताय म्हणून. एवढंच माझं मागणं.

काल दुपारी फोनला रेंज नव्हती. आप्पा दोनदा बाहेर जाऊन आले आणि शेवटी माझ्यापुढं बसले. चौकोनावर बोट ठेवलं. 'माधवी' एवढं लिहून झालं. मी सगळं अंग कान करून थांबलो. तेवढ्यात फोन वाजला आणि आप्पा धोतर सावरत अंगणात पळाले.

पळू दे. बोलू दे त्यांना.