चार पायांची सवत

मानसिंगनं खरीखुरी सवत आणली असती, तरी मंगलनं इतका जळफळाट करून घेतला नसता. निदान तिच्याशी कडाकडा भांडता तरी आलं असतं. नवऱ्याच्या मांडीवर डोकं टाकून घोरणाऱ्या लॅब्राडॉरशी भांडायचं तरी कसं?

मानसिंगची चोवीस वर्षं फौजेत गेली. वर्षाकाठी दोन महिन्यांची रजा, तीही भावकीची लग्नं आणि उसाला पाणी पाजण्यात संपायची. पेन्शनीत आल्यावर दोघं ओसरीवर बसू आणि राहिलेलं सगळं बोलू, अशी मंगलनं मनाची समजूत घातली होती. तो आला, आणि महिन्याभरात पुण्याच्या लेकीनं, उत्कर्षानं, पप्पांना करमत नाही म्हणून पिल्लू धाडलं. फोनवर सूचनाही दिल्या. केस वर्षभर गळतील, पहिली दोन वर्षं चपला जपा, पाणी दिसलं की उडी मारेल, आणि कितीही खाल्लं तरी उपाशी असल्यासारखं बघेल, म्हणून मोजूनच द्या. आईला काय हवं, हे कुणी विचारलं नाही.

मानसिंगनं त्याचं नाव ठेवलं कॅप्टन. हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस पहाटे "कॅप्टनसाब, चलिए" म्हणत बांधावरून निघायचा. कॅनॉलमध्ये त्याला पोहू द्यायचा, आपल्याच टॉवेलनं पुसायचा. त्याच्याशी हिंदीत गप्पा काय, हसणं काय! मंगलच्या वाट्याला "चहा ठेव" आणि "जेवाय वाढ". तिला ताप आला तेव्हा गोळी घेतलीस का, एवढंच विचारलं. कॅप्टनच्या कानात पुरळ उठलं तर कराडला दोन खेपा! तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुसऱ्या वर्षी तिनं ठरवलं, कुत्रंच फोडायचं. मानसिंग पारावर गेला की ती चुलीपुढं बसून कॅप्टनला तूप लावलेली भाकरी चारू लागली. आठवड्यात गडी फितूर झाला. त्याच्या पुढ्यात बसता बसता तिचंही तोंड सुटलं. एकेका तुकड्यागणिक ती त्याला काही ना काही सांगायची, आणि तोही कान टवकारून ऐकायचा. पुढं मानसिंगनं हाक मारली तरी कॅप्टन चुलीपासून हलेना. तेव्हा मंगलला जो आनंद झाला, तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता.

कॅप्टन फुगत गेला. उठताना कण्हू लागला, मागचा पाय ओढू लागला. रिक्षा करून दोघांनी त्याला कराडला नेलं. काट्यावर अठ्ठेचाळीस किलो भरला.

"या जातीला पोट भरल्याचं कळतच नाही," डॉक्टर म्हणाले. "सांध्यांवर ताण आलाय. कोण चारतंय याला?"

मंगलनं पदर तोंडाला लावला.

"मीच," मानसिंग म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला चांगलं झाडलं.

परतताना रिक्षात कॅप्टन दोघांच्या मध्ये आडवा पडला होता.

"आवं, तुमी का अंगावर घेतलंसा? भाकरी मी घालत हुते."

"ठावं हाय मला. पैल्या दिसापासनं."

"मग आडवलं का न्हाई? त्याचं काय बरंवाईट झालं असतं म्हंजी?"

मानसिंगनं तोंड बाहेरच्या उसाकडं फिरवलं.

"भाकरी थांबली असती तर तुजं बोलणं थांबलं असतं. पारावर जातो म्हनून मी मागल्या दाराला हुबा ऱ्हायचो. मिरजेला गाठ काढली तुजी, आन मला तिकडं फौजेत फोनवर 'समदं बरं हाय' म्हनलीस. चार वरसं झाली. त्ये तू कुत्र्याला सांगताना मला कळलं, मंगल." त्यानं कॅप्टनकडं बोट केलं. "लय जळलो मी ह्याच्यावर."

मंगलला आधी रागच आला. जळायचा हक्क तिचा एकटीचा होता, त्यातही ह्या माणसानं वाटा मागितला.

"मग आत यायला काय झालं हुतं?"

"तू गप झाली असतीस."

ते काही खोटं नव्हतं. तिनं कॅप्टनला "सरक रं" म्हणत पायाशी ढकललं आणि नवऱ्याच्या शेजारी सरकली.

"मिरजेला शेजारच्या आक्काला संगं घिऊन गेलते," ती म्हणाली. "भूल द्यायच्या आदी नर्सनं इचारलं, नवरा कुटं हाय?"

"काय सांगितलंस?"

"म्हनलं, निघाल्यात. पोचतीलच आता."