काहिलीच्या पत्र्याची भट्टी

मी एक जुनी भट्टी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! मी लोहाराची नव्हे, मी मोटार चालवणारी भट्टी आहे. कोळशावर मोटार चालते हे ऐकून हसू येत असेल, तर खुशाल हसा. मला त्याची सवय झाली आहे.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल सारे पलटणीकडे जात होते आणि नानासोंची उंब्रज-सातारा मोटार गोठ्यात धूळ खात पडली होती. तेवढ्यात सरकारचा हुकूम आला, की मोटारीला कोळशाच्या गॅसची भट्टी बसवा, तरच परवाना मिळेल. नानासोंनी सांगलीच्या एका लोहाराला गाठले. नवा पत्रा कुठला मिळायला? त्याने गुऱ्हाळातली गूळ शिजवायची फुटकी काहील कापली आणि तिचेच माझे पोट केले. पहिल्यांदा मला पेटवले, तेव्हा करपलेल्या गुळाचा वास साऱ्या पेठेत सुटला होता.

मला मोटारीच्या मागे बांधले. वरून कोळसा भरायचा, झाकण घट्ट लावायचे, खालून पेटवायचे आणि पंख्याचा दांडा फिरवायचा. गॅस तयार झाला की इंजिन घुरघुरू लागे. तोवर उतारू पाळीपाळीने दांडा फिरवत. चढ आला की उतरून ढकलतही. हो, ढकलत! मी कुठे नाही म्हणते? पण माझी मोटार साताऱ्याला पोहोचायची. बाकीच्यांच्या मोटारी तर गोठ्यातून हलतही नव्हत्या.

माझा कोळसा आणायची चंद्राबाई. नवरा पलटणीत गेला तो परत आलाच नाही. पदरात दोन पोरे आणि ओढ्याकाठी बाभळींचे रान, एवढाच तिचा संसार. बाभळी तोडून ती कोळसा पाडू लागली आणि त्यावर तिची चूल पेटू लागली.

"चंद्राबाई, कोळसा वला न्हाई न्हवं? गाडी खोकती मग," ड्रायव्हर हंबीरराव चिडवायचा.

"आवं, वाजवून बगा की! भांड्यावानी वाजतोय माजा कोळसा!"

एकदा साताऱ्यात एका बड्या साहेबाने मला हार घातला. 'या देशाने देशातल्याच इंधनावर चालायला शिकले पाहिजे,' असे भाषण ठोकले. टाळ्या पडल्या. मी फुगून गेले. मग साहेब आपल्या गाडीत बसून गेला, आणि ती गाडी पेट्रोलची होती! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय? तेव्हाच मी ओळखायला हवे होते.

लढाई संपली. पेट्रोल थोडेथोडे मिळू लागले आणि माझ्या धुराने एकाएकी सगळ्यांचे डोळे चुरचुरू लागले. "काढा ती धुराडी," नानासो म्हणाले. "लोकांची धोतरं काळी करती."

चंद्राबाई पाटी घेऊन आली होती. ती मोटारीला आडवी झाली. "नगा काढू नानासो. पेट्रोल कवा येतंय, कवा न्हाई. बाभळी आपल्या हितंच हाईत. आन् माज्या पोरांनी काय खायाचं?"

"खुळी हायस का? आता पेट्रोलचे दिवस आलं."

"बरं, राख तरी काढून ठिवू द्या," हंबीरराव म्हणाला. "वली झाली की लोखंड खाती ती."

"राहू दे रं, भंगार त्ये!"

गरज सरो, वैद्य मरो! पोटात राख तशीच, झाकण नाही, अशी मला गोठ्यामागच्या घाणेरीच्या झुडपांत टाकून दिली. चंद्राबाई दुसऱ्यांच्या रानात मजुरीने तण भांगलायला जाऊ लागली. पावसाळा आला आणि माझ्या पोटात पाणी साचले. राख मला आतून खात होती. मी ओरडणार तरी कुणाकडे?

पुढे स्वातंत्र्याचा दिवस उजाडला. साताऱ्यात झेंडा चढणार होता आणि नानासोंनी सगळ्या गावाला फुकट न्यायचे कबूल केले होते. पोरे कागदी झेंडे घेऊन पहाटेच मोटारीत चढून बसली. आणि पेट्रोलचा डबा काही आला नाही!

तेव्हा बरी माझी आठवण झाली. नानासो धावत गोठ्यामागे आले. चंद्राबाईही आली. तिच्या डोक्यावर कोळशाची पाटी होती. घरात कोरडी जपून ठेवलेली, शेवटची. हंबीररावाने घाणेरी बाजूला केली आणि मला उचलायला हात घातला. माझा तळ त्याच्या हातात आला. चिखल झालेली राख भदकन खाली पडली.

चंद्राबाईने पाटी खाली ठेवली.

"राज आपलं आलं, नानासो," ती म्हणाली. "पर गाडी अजून सायबाच्याच तेलाची वाट बगत हुबी हाय."

नानासोंनी मान खाली घातली. पोरे मोटारीतून उतरली आणि चिखल तुडवत साताऱ्याच्या वाटेला लागली. झेंडा चढेपर्यंत ती पोहोचणार नव्हती, हे मोठ्यांना ठाऊक होते. पोरांना कुणी सांगितले नाही.

मित्रांनो, मला तुमचे हार नकोत, भाषणे तर मुळीच नकोत. मी धूर करायची, मला तापायला वेळ लागायचा, सगळे खरे. उद्या माझ्यासारखी एखादी काढायची तर खुशाल काढा. पण काढाल तेव्हा तिच्या पोटातली राख काढा आणि वर झाकण लावा. एवढे घटकाभराचे काम मला काढले त्या दिवशी कुणी केले असते, तर ती पोरे मी साताऱ्याला नेली असती.