शिळं पेट्रोल

निवृत्त होताना हेमलता देवस्थळींनी एक गोष्ट पक्की ठरवली होती. यापुढे माळ्याची वाट बघायची नाही.

नोएडातली त्यांची सोसायटी केंद्र सरकारच्या नोकरांनी मिळून बांधलेली, जुनी, बिनलिफ्टची. तळमजल्यावर राहणाऱ्यांना पुढ्यात हिरवळीचा एकेक तुकडा मिळालेला आणि सगळ्या तुकड्यांना मिळून एकच माळी. माणूस गोड होता. ‘कल पक्का, मॅडमजी,’ हे तो इतक्या मनापासून म्हणायचा की ऐकणाऱ्याला गवत कापून झाल्यासारखंच वाटावं. पण हेमलताबाईंची सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेलेली. ‘कल’ या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. लग्न त्यांनी केलं नव्हतं. शिलाँगपासून त्रिवेंद्रमपर्यंतच्या बदल्या एकटीने निभावल्या होत्या. गळके नळ, उडालेले फ्यूज, उर्मट घरमालक या सगळ्यांना त्या पुरून उरल्या होत्या. माळ्याचं काय घेऊन बसलात. एक दिवस जाऊन त्या गवत कापायचं यंत्रच घेऊन आल्या. दुकानदार विजेवरचं घ्या म्हणत होता. पण हिरवळीवर वायर पसरायची आणि ती आपल्याच यंत्राखाली येऊ नये म्हणून नाचत राहायचं, हे काही त्यांना पटलं नाही. त्यांनी पेट्रोलवालं घेतलं. लालभडक, चार चाकांचं, दोरीला हिसका देऊन सुरू करायचं.

दिवाळीपर्यंत यंत्राने इमानेइतबारे काम केलं. थंडीत गवत वाढायचं थांबलं तेव्हा बाईंनी ते स्वच्छ पुसून मागच्या बाल्कनीत झाकून ठेवलं. टाकीत पेट्रोल होतंच, शिवाय शेजारी सरसोंच्या तेलाच्या, धुतलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये आणखी होतं. पंपावरची पोरं कॅनमध्ये पेट्रोल द्यायला कुरकुर करतात, दर वेळी वाद कोण घालणार, म्हणून त्यांनी एकदाच भरपूर आणून ठेवलं होतं. घरात साठा असला की माणूस निर्धास्त असतो, असं त्यांचं मत होतं. डाळ-तांदळाच्या बाबतीत ते बरोबरही होतं.

मार्चात गवताने पुन्हा डोकं वर काढलं. एका रविवारी सकाळी बाईंनी यंत्र बाहेर काढलं आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. यंत्र नुसतंच खोकलं. पदर खोचून, पाय रोवून त्यांनी हिसक्यावर हिसके दिले, तेव्हा खांद्यातून एक कळ आली आणि त्या कमरेवर हात ठेवून यंत्राकडे बघत उभ्या राहिल्या. नोकरीत कागद दडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे त्या अशाच बघायच्या. तिथे उपयोग व्हायचा.

“मॅडम, मी बघू का जरा?”

समोरच्या ब्लॉकमधले नरसिंह बोधनकर होते. मूळचे नांदेडचे, भूगर्भ खात्यातून निवृत्त. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बेंगळुरूला. पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या बाल्कनीतून बाईंची हिरवळ सरळ दिसायची. गेटपाशी नमस्कार, गणपतीत दोन शब्द, एवढीच काय ती ओळख. एरवी बाईंनी ‘नको, जमेल मला’ म्हटलं असतं. पण खांदा ठणकत होता.

“बघा,” त्या म्हणाल्या.

बोधनकरांनी टाकीचं झाकण काढलं, वाकून वास घेतला आणि तसेच क्षणभर वाकून राहिले. मग झाकण लावून उभे राहिले.

“कार्बोरेटर रुसलाय.”

“असं होतं?”

“होतं ना. हिवाळाभर कुणी विचारपूस केली नाही त्याची. जरा मनवावं लागेल.”

ते घरी जाऊन स्कूटरमधलं थोडं पेट्रोल बाटलीतून घेऊन आले. यंत्राच्या कडेचं एक झाकण उघडून आत चमचाभर ओतलं, दोरी ओढली आणि यंत्र गुरगुरत जागं झालं. धापा टाकत त्याने गवताचे दोन पट्टे कापले आणि मान टाकली.

“आज एवढंच,” बोधनकर म्हणाले. “जास्त ताणू नये. बुधवारी बघू.”

आता माणूस घरापर्यंत आला, हात काळे केले, तर चहा विचारायला नको का? बाईंनी विचारला. बोधनकर दोन कप प्यायले.

बुधवारी पुन्हा तेच. चमचाभर पेट्रोल, दोन पट्टे, चहा. रविवारीही तेच. यंत्राच्या चालीने हिरवळीचं एक टोक कापून व्हायच्या आत दुसरं टोक वाढायचं. मधे कुठे उंच, कुठे बोडकं. नव्याने कात्री धरलेल्या न्हाव्याने डोकं अर्धवट सोडावं, तसं ते दिसायला लागलं. वरच्या मजल्यावरच्या चंद्रप्रभाबाईंनी गॅलरीतून, हे नवीन डिझाइन आहे का, असंही विचारून घेतलं.

बाई मात्र हळूहळू बुधवारी सकाळी लवकर उठू लागल्या. चहाबरोबर थालीपीठ आलं. बोधनकरांनी ते चवीने खाल्लं आणि वर, छान आहे, पण आमच्याकडचे धपाटे वेगळे, असं सांगितलं. वेगळे म्हणजे कसे, असा वाद झाला. पुढच्या खेपेला ते ज्वारीचं पीठच घेऊन आले. बस्तरच्या जंगलात कॅम्पवर जनरेटर आणि ड्रिलिंगची यंत्रं सांभाळत असताना अस्वल तंबूत शिरलं होतं, ती गोष्ट त्यांनी सांगितली. शिलाँगला ऑडिटला गेले असता मला लाच म्हणून अननसाची पाटी आली होती आणि मी ती पंचनामा करून परत पाठवली, हे बाईंनी सांगितलं.

“एकसुद्धा ठेवून घेतला नाहीत?” बोधनकरांनी विचारलं.

“बिल्कुल नाही.”

“चवीचं ऑडिट करायला हवं होतं, मॅडम.”

यावर बाई इतक्या हसल्या की हातातल्या कपातला चहा बशीत सांडला. आपण मोठ्याने हसलो, हे त्यांना नंतर कप विसळताना जाणवलं.

एप्रिलमध्ये त्यांची भाची संपदा राहायला आली. बहिणीची मुलगी, जन्मापासून दिल्लीत वाढलेली, आता गाझियाबादला एका कारखान्यात इंजिनीअर. हिरवळ बघून ती दारातच थांबली.

“मावशी यार, हे काय झालंय?”

“कार्बोरेटर रुसतो,” मावशीने तज्ज्ञाच्या सुरात सांगितलं.

संपदाने बाल्कनीतला कॅन उघडला, नाक लावलं आणि झटकन मागे घेतलं. “हे पेट्रोल तर बासी झालंय.”

“शिळं म्हण.”

“शिळं तर शिळं. कधीचं आहे?”

“दिवाळीच्या आधीचं.”

संपदाने लोणच्याची रिकामी बरणी धुऊन पुसून घेतली आणि कॅनच्या तळाचं पेट्रोल तिच्यात ओतलं. बरणी ठेवल्यावर बाईंना दिसलं की आत दोन थर झालेत. वर पिवळट पेट्रोल आणि तळाशी गढूळ पाण्यासारखं काहीतरी.

“आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं,” संपदा सांगू लागली. “ते हवेतलं पाणी ओढून घेतं. कारमध्ये टिकायचा प्रश्न येत नाही, आपण रोज जाळतो. पण तू ठेवलंस महिनोन् महिने, ते पण तेलाच्या कॅनमध्ये, त्याचं झाकण धड बसत नाही. टाकीतलं सुकून चिकट झालं असणार, त्याने कार्बोरेटरची बारीक भोकं बुजली. आणि मावशी, बाल्कनीत गीझर आहे गॅसचा. त्याच्या शेजारी पेट्रोल?”

संपदाने जुनं पेट्रोल काढून कारखान्यात नेऊन द्यायला बाजूला ठेवलं, कार्बोरेटर खोलून साफ केला, घट्ट झाकणाचा पत्र्याचा कॅन आणला, थोडं ताजं पेट्रोल आणलं आणि कॅनची जागा सावलीत, गीझरपासून लांब करून दिली. मावशीने दोरी ओढली. यंत्र पहिल्या हिसक्याला सुरू झालं.

हेमलताबाईंनी सगळी हिरवळ एका दमात कापली. गालिच्यासारखी. समोरच्या बाल्कनीत बोधनकर वर्तमानपत्र हातात धरून उभे होते. त्यांनी हात हलवला, बाईंनीही हलवला. ते खाली आले नाहीत.

रात्री जेवताना संपदा म्हणाली, “पण त्या अंकलना कसं कळलं नाही? तूच म्हणालीस ना, ते कॅम्पमध्ये जनरेटर आणि ड्रिलिंगची मशीनं सांभाळायचे? शिळ्या पेट्रोलचा वास तर कुणालाही येतो.”

बाईंचा घास हातातच राहिला. झाकण काढून वाकलेले, तसेच क्षणभर वाकून राहिलेले बोधनकर त्यांच्या डोळ्यांपुढे आले. आधी संताप आला. मोठमोठ्या कंपन्यांची लबाडी आपण कागदाच्या कडेवरून ओळखायचो आणि हा माणूस आठवड्यातून दोनदा येऊन, चमचाभर पेट्रोल ओतून, आपल्या हातचं थालीपीठ खाऊन जात होता. असा कसा आपल्या नजरेतून सुटला? संताप भांडी घासेपर्यंत टिकला. ओटा पुसताना तो जरा सैल झाला. एवढी मोठी लबाडी करून त्याने मिळवलं काय, तर चहा.

संपदा गेली. बुधवार आला आणि कुणी आलं नाही. येणार कशाला, यंत्र तर ठणठणीत होतं. रविवारी बाईंनी सवयीने धपाट्यांचं पीठ मळलं आणि मग धपाटे एकटीनेच खाल्ले. हिरवळ इतकी नेटकी होती की तिच्याकडे बघवेना. पेट्रोल पुन्हा खराब होईपर्यंत थांबावं का, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण संपदाने आणलेला कॅन भलताच चांगला होता. त्यात ते काही लवकर शिळं होणार नव्हतं. शिवाय झाकण उघडं टाकून मुद्दाम नासवणं म्हणजे घराला आग लावायचेच धंदे, ते करण्याइतक्या त्या वेड्या झाल्या नव्हत्या.

पुढच्या बुधवारी सकाळी त्यांनी यंत्र हिरवळीच्या मधोमध आणून ठेवलं. खाली वाकून टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला, थोडा वेळ इंजिन चालवून कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल संपवलं आणि मग सगळ्या ब्लॉकला ऐकू जाईल अशी दोरी ओढायला लागल्या. यंत्र खोकलं. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

बोधनकर चपला अर्धवट घालतच खाली आले. हातात ती बाटली होती.

“काय झालं, मॅडम?”

“काय माहीत. बघा ना.”

ते वाकले. टाकीचं झाकण काढून वास घेतला. मग त्यांची नजर खाली कॉककडे गेली आणि तिथेच थांबली. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. बोधनकर सावकाश उठले, हात झटकले.

“कार्बोरेटर,” ते गंभीरपणे म्हणाले.

“कॉक बंद आहे, बोधनकर साहेब. मीच केलाय.”

बोधनकरांचे कान लाल झाले.

“आणि ते पेट्रोल शिळं होतं, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“झाकण काढलं तेव्हाच.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही ताजं आणलं असतं.” त्यांनी बाटली या हातातून त्या हातात घेतली. “तुम्ही कुणाला दुसऱ्यांदा कशाला बोलावता? मी इतकी वर्षं वरून बघतोय. नळवाल्यालासुद्धा तुम्ही बोलावत नाही.”

हेमलताबाईंना यावर बरंच काही बोलता आलं असतं. वाक्यं तोंडाशी आलीही होती, चांगली धारदार. पण त्यांना आठवलं की आपण आत्ता सगळ्या ब्लॉकसमोर चांगल्या चालत्या यंत्राचा कॉक बंद करून उभ्या आहोत. त्यांनी वाकून कॉक उघडला.

“कॅनमधलं संपत आलंय,” त्या म्हणाल्या. “पंपावर जायचंय. एकटीला तो पोरगा फार वाद घालतो.”

“चलो, स्कूटर काढतो,” बोधनकर म्हणाले आणि बाटली खिशात कोंबत जिन्याकडे निघाले, मग बाटली खिशात मावत नाही हे लक्षात येऊन परत हातात घेतली.

पंपावर बरीच गर्दी होती. बाई मागच्या सीटवर पत्र्याचा कॅन मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. साधं घ्यायचं की महागातलं, यावरून रस्ताभर दोघांचं जुंपलं होतं. बोधनकर म्हणत होते, त्या महागातल्या, शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नसतं, जास्त टिकेल. बाई म्हणत होत्या, टिकवायचंय कुणाला, साधं घ्यायचं, लागेल तसं.

“गाड़ी तो भर दी, कैन किसलिए?” पंपावरच्या पोराने विचारलं.

“घास काटने की मशीन है,” बाई म्हणाल्या.

पोराने आधी कॅनकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग हेल्मेट घातलेल्या बोधनकरांकडे. “दोनों मिलके काटते हो?”

बोधनकर घसा साफ करू लागले.

“हाँ,” हेमलताबाई म्हणाल्या, आणि कॅन जमिनीवर नीट ठेवून त्याचं झाकण काढलं. “भैया, पूरा मत भरना.”