निरोपाचं औक्षण

भांडण मिटवण्यात माणिकआबांचा हात धरणारा पाथरी तालुक्यात कोणी नव्हता, असं निदान आबा स्वतः तरी मानत. बांधाचं भांडण असो नाहीतर भावकीचं, दोन्ही बाजूंना मारुतीच्या पारावर बसवायचं, दोघांच्याही थोड्या थोड्या चुका काढायच्या, चहा पाजायचा आणि नारळ फोडून तोंडं गोड करायची. आपल्या हयातीत गावाला पोलीस ठाण्याची पायरी चढू दिली नाही, हे ते पाहुण्यारावळ्यांत मिशीला पीळ देऊन सांगत. एवढी एकच विद्या त्यांच्यापाशी होती. ती कुठं चालवायची नाही, हे मात्र त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

दुसरा अभिमान शाळेचा. जिल्हा परिषदेची शाळा पट घसरून बंद पडायच्या बेतात आली, तेव्हा आबांनी घरोघर फिरून खासगी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसणारी पोरं खाली उतरवली होती. मुलगा-सून पुण्यात, नात भक्ती आजीआजोबांजवळ सातवीत. तिचे पालक म्हणून आबा शाळा समितीचे अध्यक्ष झाले आणि ध्वजवंदनाला धुवट धोतर नेसून मुख्याध्यापकांच्या शेजारी उभे राहू लागले.

दिवाळी झाली आणि कापसाची वेचणी सुरू झाली. वेचणीला रोज वेळेवर येणारी बानूबाई त्या सकाळी शेतात न जाता आबांच्या ओसरीपाशी येऊन उभी राहिली. नवरा येडबा मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेला. घरात ती आणि सातवीतली दीपिका, दोघीच. आबांना वाटलं, उचल मागायला आली असेल.

"दीपिका शाळेत जायची न्हाई म्हणायलीय," बानूबाई म्हणाली. "बजरंग सर सुट्टी झाल्यावर थांबवून घेतो. दार लावतो. अंगाला हात लावतो, आबा. लय दिवस झाले म्हणती."

आबांची बायको कस्तुराबाई आतून आली आणि बानूबाईचा हात धरून तिला खाली बसवलं. आबांच्या कानशिलात रक्त चढलं. त्या मास्तरला पारावर आणून चामडी लोळवावी, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं, आणि ते खरंच वाटलं. पण पार म्हटल्याबरोबर त्यांची जुनी विद्या जागी झाली. त्यांनी बानूबाईला सांगितलं, कुठं बोलू नको, येडबालाही फोनवर कळवू नको, डोक्यात राख घालून काहीतरी करून बसेल. मी बघतो.

बघितलं ते असं. आबांनी शाळेत जाऊन सांगितलं तसे मुख्याध्यापक भागवत सर खुर्चीत घामाघूम झाले. ठाण्यात कळवावं लागतं, तसा कायदाच आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं; पण दुसऱ्या दमात ते म्हणाले, पेपरात नाव येईल, लोक पोरी काढून घेतील, पट पडेल आणि शाळेला कुलूप लागेल. शिक्षण खात्यातल्या वरच्या साहेबांना त्यांनी आबांच्या देखतच फोन लावला. साहेबांनी एक शब्दही नीट ऐकून घेतला नाही. लेखी काही करू नका, बजरंगला सेलूकडच्या एका शाळेवर तात्पुरतं पाठवून देतो, तिकडं शिक्षक कमीच आहेत, असं म्हणून ते मोकळे झाले. एका गावची घाण उचलून दुसऱ्या गावच्या पाणवठ्यावर टाकायची, आणि आबा नि भागवत सर कर्तव्य केल्याच्या थाटात चहा प्यायले.

मास्तर असा अचानक गेला तर लोक विचारतील, म्हणून निरोप समारंभ ठरला. परभणीहून शाल आबांनीच आणली. आणि पुढची अक्कलही आबांचीच. इतर पोरींबरोबर दीपिकानंही औक्षण करावं, म्हणजे तिच्याकडं कोणी बोट दाखवणार नाही, पोरीच्या इज्जतीला धक्का लागणार नाही. हे त्यांना इतकं शहाणपणाचं वाटलं की बानूबाईला सांगताना त्यांचा आवाज मायेनं भरून आला. बानूबाईच्या पदराला कापसाचे पुंजके चिकटले होते, ते ती एकेक काढत राहिली.

"तुमी म्हणता तर," ती म्हणाली.

समारंभ शाळेच्या पटांगणात झाला. पोरी रांगेत, पुढं दीपिका. निळ्या फ्रॉकमध्ये, दोन वेण्या घालून, हातात ताट. बजरंग सर शाल पांघरून खुर्चीत बसले होते आणि गाव सोडून जाणाऱ्या भल्या माणसाचे डोळे भरतात तसे त्यांचे डोळे भरले होते. दीपिकानं कुंकू लावलं. ओवाळताना ताट असं हललं की निरांजन विझलं. भागवत सरांनी खिशातून काडेपेटी काढून ते पुन्हा पेटवलं आणि पहिल्यापासून ओवाळायला सांगितलं. तिनं पहिल्यापासून ओवाळलं. बजरंग सरांनी आशीर्वादाचा हात तिच्या डोक्यावर ठेवला, तशी तिची मान खांद्यात गेली. आबांनी ते बघितलं. बघितलं आणि तरीही, आयुष्यभर लेकरांना सांगत आले त्याच सवयीनं, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पाया पड, बाळा."

ती पाया पडली.

आपण काय बोललो हे आबांना त्यानंतर कळलं. त्यांनी मान वर केली तर रांगेतली एकही पोर मास्तरांकडं बघत नव्हती. सगळ्या त्यांच्याकडं बघत होत्या. भक्तीसुद्धा.

घरी आल्यावर भक्तीनं दप्तर कोपऱ्यात टाकलं, जेवली नाही. आजीनं लय विचारलं तेव्हा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आमाला सगळ्यांला ठाऊक होतं, आजी. आबा आले तवा वाटलं, त्याला धरायला आले."

कस्तुराबाईनं नवऱ्याला शब्दानंही दुखवलं नाही. त्यांच्यापुढं ताट वाढून ठेवलं आणि जाऊन नातीपाशी बसली. शरम ही गोष्ट आबा आजवर दुसऱ्यांना वाटून देत आले होते, पारावर बसून, मापानं. स्वतःच्या वाट्याला आली तेव्हा ती कुठं ठेवावी हे त्यांना समजेना.

बानूबाई वेचणीला यायची बंद झाली. शेतात फुटलेला कापूस झाडावरच सडला असता तरी आबांची तिला बोलवायची छाती झाली नसती. त्यातच एक दिवस भागवत सर रस्त्यात भेटले, खुशीत होते. मामला कसा गुपचूप मिटला हे दाखवायला त्यांनी मोबाईलवरचा फोटो पुढं केला. सेलूकडच्या त्या शाळेत बजरंग सरांचं स्वागत झालं होतं. खांद्यावर शाल तीच, आबांनी दुकानदाराशी घासाघीस करून घेतलेली. आणि समोर ताट घेऊन एक पोर उभी होती. दीपिकापेक्षाही लहान. वर बघून हसत होती.

आबांनी मोबाईल परत दिला. "सर, ठाण्यात चला," ते म्हणाले.

भागवत सरांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. माहीत असून कळवलं नाही, हाही गुन्हाच धरतात. मी अडकेन, साहेब अडकतील, आणि तुम्हीसुद्धा अडकाल. या वयात बेइज्जती करून घेऊ नका.

"झालीय की," आबा म्हणाले.

ते आधी बानूबाईकडं गेले. दारात उभं राहूनच बोलले, आत या असं कोणी म्हटलं नाही. बानूबाईनं ऐकून घेतलं. मग तिनं एवढंच विचारलं, "आता कोण खरं मानंल, आबा? तिनं ओवाळलंय त्याला. तुमी ओवाळायला लावलंय."

"तेच सांगायला जायलोय," आबा म्हणाले.

ठाण्यात त्यांनी ते सांगितलं. मुख्याध्यापकांना ठाऊक होतं, वरच्या साहेबांना ऐकायचंच नव्हतं, मला ठाऊक होतं आणि पोरीच्या हातात ताट मी दिलं. लिहून घेणारा शिपाई मध्येच थांबून त्यांच्या तोंडाकडं बघू लागला, तेव्हा आबांनी त्याला ते शेवटचं वाक्य पुन्हा सांगितलं. सेलूकडच्या शाळेत आजच्या आज कोणीतरी जा, एवढी विनंती केली. त्या दुपारीच तिकडं गाडी गेली. त्यांच्यावरही कारवाई होईल असं फौजदारबाईंनी स्पष्ट सांगितलं. आबांनी जबाबाखाली सही केली.

दुसऱ्या दिवशी त्या बाई दीपिकाचा जबाब घ्यायला बानूबाईच्या घरी आल्या. पोर घाबरू नये म्हणून साध्या साडीत आल्या होत्या. आबा आधीच येऊन ओट्यावर बसले होते. आपण पाठीशी आहोत हे पोरीला दिसावं, अशी त्यांची समजूत. बाईंबरोबर तेही आत गेले आणि भिंतीला टेकून बसले. दीपिका आईच्या पदराआड होती. बाईंनी तिला जवळ घेतलं, नाव विचारलं, कोण आवडतं ते विचारलं. मग म्हणाल्या, तुला बोलायचं असेल तेव्हाच बोल. आणि इथं कोणी नको असेल तर तसंही सांग.

दीपिकानं खाली बघितलं. मग हात वर केला आणि आबांकडं बोट दाखवलं.

तिच्याकडं कोणी बोट दाखवू नये म्हणून त्यांनी तिच्या हातात ताट दिलं होतं. आबा उठले. बाहेर येऊन त्यांनी पायात चपला घातल्या. मागं दार लागलं, आणि ते बानूबाईनं लावलं.

गल्लीतून शेताकडं निघालेली सगुणाबाई त्यांना उन्हात उभं बघून थांबली. आबा, इथं काय करायलात, तिनं विचारलं.

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. तीही त्यांची जुनीच विद्या.

"पोरीनं बाहेर काढलं मला," आबा म्हणाले, आणि सगळ्या गल्लीला दिसतील असे तिथंच खाली बसले.