मोटारबुवांचा पहारा

या मायबापहो, असे पुढे सरकून बसा. मागे राहिलात तर अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाईल. आज एका संशयी माणसाची गोष्ट सांगतो. ऐकताना शेजाऱ्याकडे मात्र बोट दाखवू नका. संशयाला आपल्याही घराचा पत्ता पाठ असतो!

या गृहस्थांना सगळे मोटारबुवा म्हणत. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी जुन्या जमान्यातल्या मोटारी जिवापाड जपल्या होत्या. कुणाचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे, कुणाची दारं लाकडी चौकटीची, तर कुणी हँडल मारल्याशिवाय 'ओ' देत नसे. बुवा बायकोचा वाढदिवस विसरत, पण कुठल्या गाडीला कधी तेल दिलं ते झोपेतही सांगत.

अलीकडे मात्र बुवांची झोपच उडाली होती. शेडमध्ये कुणीतरी जात होतं. बॅटरीच्या तारा सुटलेल्या दिसत, टाक्यांतलं पेट्रोल गायब होई, लाकूड चमकवायच्या तेलकट चिंध्या नाहीशा होत.

"घरातलंच माणूस आहे," ते बायकोच्या कानाशी कुजबुजले.

"घरात आहोत तिघं. मुलगा बोटीवर. मला तर गाडीत बसलं की मळमळतं. मग उरलं कोण, तुम्हीच?"

"सूनबाई!"

सूनबाई इस्पितळात भाजलेल्या रुग्णांच्या विभागात परिचारिका होती. पूर्वी तिने उघडच सांगितलं होतं, "मामंजी, वापरात नसलेल्या गाड्यांतलं पेट्रोल काढून ठेवू या. तारा सोडवू या. जवसाच्या तेलाच्या चिंध्या ढिगात ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेतात. आणि गाड्या इतक्या खेटून नकोत."

"आज पेट्रोल काढ म्हणतेस, उद्या चाकं काढ म्हणशील!" बुवा गुरकावले होते. तिने आग विझवायचं लाल नळकांडं आणून दाराशी टांगलं, तर तेही कुणी लांबवेल म्हणून बुवांनी शेडमधल्या कपाटात घालून कुलूप ठोकलं.

अशात एकदा ती फोनवर हळूच बोलताना त्यांनी ऐकलं. "या, शेड एकदा नीट बघून जा. मामंजींना आत्ताच काही सांगू नका."

झालं! बुवांच्या मनात पाल चुकचुकली. गिऱ्हाईक ठरलं म्हणायचं! पेट्रोल काढलं, तारा सोडवल्या, की दोर लावून गाड्या गुपचूप ओढून न्यायला मोकळे! त्यांनी सगळ्या गाड्या आणखी खेटून लावल्या आणि चाकांतून जाड साखळी ओवली. मागचं दार कायमचं जाम केलं.

"अहो," बायको म्हणाली, "चोराने नेलेली गाडी जगाच्या पाठीवर कुठेतरी असते तरी. आगीने नेलेली कोण परत आणून देणार?"

"तूही तिला सामील!"

एका रणरणत्या सकाळी बुवांनी सगळ्या लाकडी चौकटींना जवसाचं तेल चोपडलं. ओल्या चिंध्या सूनबाईच्या हाती लागू नयेत म्हणून खोक्यात ठासून भरल्या, वर गाडीची गादी ठेवली. जेवण उरकून पुन्हा शेडमध्ये आले, पुढच्या दाराला आतून कुलूप लावलं आणि सर्वांत जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर दबा धरून बसले. आज चोर रंगेहाथ सापडणार होता!

चोर आला, पण दारातून नाही. आधी करपट वास आला. मग खोक्यातून धुराची वेटोळी निघाली, आणि बुवा खाली उतरेपर्यंत गादीने भडका घेतला! त्यांनी गाडी ढकलायला खांदा लावला. साखळीने तिला जागचं हलू दिलं नाही. लाल नळकांडं? ते कपाटात! त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा ओढून काढला. यातली कपाटाची कुठली?

बाहेरून दारावर धपाधप हात पडले. "मामंजी! आत आहात का? दार उघडा!"

"गाड्या... माझ्या गाड्या!"

"खड्ड्यात गेल्या गाड्या! तुम्ही बाहेर या हो, तुम्ही!"

बुवांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जी गाड्यांवर टपलीय असं ते म्हणत होते, ती एकाही गाडीचं नाव घेत नव्हती! त्यांनी गाडीचा नाद सोडला, चाचपडत दार गाठलं आणि कुलूप काढलं. तिने दंडाला धरून त्यांना फरफटत अंगणात आणलं.

बायकोने फोन करून बोलावलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनी पाण्याचा मारा केला, साखळी कापली, काही गाड्या ओढून काढल्या. सर्वांत जुनीचा मात्र सांगाडाच उरला. त्यांचा अधिकारी सूनबाईला म्हणाला, "ताई, शेड बघून जा म्हणून तुम्ही फोन केला होतात. उद्याच पाहणीला येणार होतो."

बुवांनी मान खाली घातली. "पोरी, मी तुझ्यावर नजर ठेवली. आगीवर ठेवायला हवी होती."

"माझंही चुकलं, मामंजी. पेट्रोल, तारा, चिंध्या, हे सगळं चोरून करायला नको होतं. पण तुमच्यासारखी माणसं मी रोज पट्ट्यांत गुंडाळते. घरातलं कुणी त्या खाटेवर बघवलं नसतं."

हातातला जुडगा तिच्यापुढे धरून म्हातारा लहान मुलासारखा रडला.

आता त्या शेडमध्ये दोन गाड्यांमधून माणूस सहज चालत जातो. उभ्या गाड्यांत पेट्रोल नसतं, तारा सुटलेल्या असतात, चिंध्या पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात जातात. दोन्ही दारं झटकन उघडतात.

मायबापहो, कुलूप चोराला अडवतं. आगीला नाही, आपल्याला मात्र अडवतं. जे जपायचं त्याला बाहेर पडायची वाट ठेवा, आणि सावध करणाऱ्याला वैरी समजू नका. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा, आपल्याच घरात चोर ठरूनही धुरात हाका मारत उभ्या राहिलेल्या त्या लेकीची आठवण ठेवा.